वडीलधाऱ्यांचे घरभाडे आणि आयकराचे विवरणपत्र



उसाची लागण, खोडव्याची निगा, खताचा हप्ता याबद्दल आपण या पत्रकातून नेहमी बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे, पण तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातला आहे. उसाच्या पैशातून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांनी तालुक्याच्या गावी दोन गाळे काढले, स्टँडजवळ इमारत बांधली किंवा गावातच चार खोल्या वाढवल्या, ती मंडळी आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत. शेत मुलाच्या हाती आहे आणि भाडे म्हाताऱ्या आई-वडिलांच्या नावावर येते आहे. त्यांच्या औषधपाण्याचा, हातखर्चाचा आधार तेवढाच असतो.

या भाड्याचे आयकर विवरणपत्र भरायचे की नाही, हा प्रश्न निघाला की तीन उत्तरे ठरलेली ऐकू येतात. एक म्हणतो, "आम्ही शेतकरी, आम्हाला आयकर नाही." दुसरा म्हणतो, "बारा लाखांपर्यंत माफ झालंय, मग भरायचं कशाला?" तिसरा म्हणतो, "आबांचं वय पंचाहत्तरच्या वर आहे, त्यांना सूट आहे." तिन्ही उत्तरांत थोडे खरे आहे, आणि तिन्हींवर विसंबून राहिले तर नुकसान होऊ शकते. आमचे सांगणे थोडक्यात असे की, कर लागणे आणि विवरणपत्र भरावे लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कर शून्य असूनही विवरणपत्र भरणे सक्तीचे असू शकते, आणि ते न भरल्यामुळे म्हाताऱ्या माणसाचे हक्काचे पैसे सरकारकडे अडकून राहू शकतात.

खाली दिलेले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातील उत्पन्नाचे आहेत. या उत्पन्नाला १९६१ चा आयकर कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर कायदा २०२५ लागू झाला. त्यात "कर वर्ष" हा नवा शब्द आला, कलमांचे आणि काही अर्जांचे नंबर बदलले, पण घरभाड्याचे उत्पन्न मोजण्याची मूळ रीत तीच राहिली आहे.

१) कोणते भाडे शेतीचे आणि कोणते नाही?

सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो, म्हणून आधी हे पाहू.

शेतजमीन खंडाने दिली आणि घेणाऱ्याने तीत ऊस, सोयाबीन, भाजीपाला काहीही पिकवले, तर मिळणारा खंड हे शेतीचेच उत्पन्न आहे. त्यावर आयकर नाही. आपल्या कारखान्याकडून येणारे उसाचे बिल हेही शेतीचे उत्पन्न.

पण तीच जमीन वीटभट्टीला दिली, ट्रक उभे करायला दिली किंवा सौर प्रकल्पाला भाड्याने दिली, तर जमिनीत शेती होत नाही. सात-बारा शेतकऱ्याचा असला तरी ते भाडे शेतीचे उत्पन्न ठरत नाही. मोकळ्या जागेचे असे भाडे "इतर उत्पन्न" या सदरात धरतात, आणि पुढे सांगितलेली तीस टक्के वजावट त्याला मिळत नाही.

घराचे तसेच. शेतात किंवा शेताला लागून असलेले घर, गोठा, बी-बियाण्याची खोली शेतीच्या गरजेपोटी आपण स्वतः वापरतो, तोवर काही प्रश्न नाही. पण मळ्यातले गोडाऊन एखाद्या व्यापाऱ्याला खताच्या किंवा सिमेंटच्या गोण्या ठेवायला दिले की त्याचे भाडे घरभाडे झाले. गावातल्या खोल्या शिक्षकांना दिल्या, रस्त्याकडेचा गाळा हॉटेलला दिला, तालुक्यातली इमारत बँकेला दिली, हे सारे घरभाडेच. मालक शेतकरी आहे म्हणून ते शेतीचे होत नाही.

येथेच आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर किंवा ट्रक आईच्या अगर वडिलांच्या नावावर असेल आणि त्यावर वाहतुकीचे बिल निघत असेल, तर तो धंदा आहे. ते ना घरभाडे, ना शेती. अशा वेळी विवरणपत्राचा नमुनाही बदलतो, म्हणून ही बाब सल्लागाराला आधीच सांगावी.

२) भाड्याचे उत्पन्न कसे मोजतात?

वर्षभरात मिळालेले सगळे भाडे म्हणजे करपात्र उत्पन्न, असे नाही. रीत सोपी आहे.

पहिल्यांदा वर्षाचे भाडे लिहावे. त्यातून मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करावी. प्रत्यक्ष भरलेली, हे ध्यानात ठेवा. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची थकलेली पट्टी वजा होत नाही, आणि भाडेकरूने भरलेली पट्टीही मालकाला वजा करता येत नाही. उरलेल्या रकमेच्या तीस टक्के सरसकट वजावट मिळते. रंगरंगोटी, गळती, दुरुस्ती यावर तुम्ही एक रुपया खर्च केला किंवा एक लाख खर्च केला, वजावट तीस टक्केच. पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. ही वजावट नव्या आणि जुन्या दोन्ही करपद्धतींत आहे. बांधकामासाठी कर्ज काढले असेल तर त्याचे व्याजही वजा होते. मात्र व्याज वजा करून घराच्या सदरात तोटा आला, तर नव्या पद्धतीत तो दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही.

भाडेकरूकडून घेतलेले परत करावयाचे डिपॉझिट हे उत्पन्न नव्हे. ते भाड्यात मिळवू नये. ते चेकने घ्यावे म्हणजे पुढे कोणी शंका काढत नाही. भाडेकरूने भाडे बुडवले असेल तर काही अटींवर ते सोडून देता येते. उदाहरणार्थ, त्याने जागा सोडलेली असावी किंवा त्याला काढण्याची कारवाई सुरू केलेली असावी. पुढे ती थकबाकी वसूल झाली तर ज्या वर्षी हातात येईल त्या वर्षी ती उत्पन्नात येते, आणि तिच्यावरही तीस टक्के वजावट मिळते.

स्वतः राहतो त्या घराचे उत्पन्न शून्य धरतात. गावातले घर आणि मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला घेतलेली सदनिका अशी दोन घरे भाड्याने न देता घरच्यांसाठी ठेवली असतील तर दोन्ही शून्य. तिसरे घर असेल तर ते रिकामे असले तरी त्याचा हिशेब सल्लागाराकडून करून घ्यावा.

३) विवरणपत्र केव्हा सक्तीचे?

२०२५-२६ साठी नवी करपद्धती हीच मूळ पद्धती आहे. तीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि ही मर्यादा तरुण-म्हातारा सर्वांना एकच आहे. घरभाडे तीस टक्के वजा जाऊन, त्यात बँकेचे व्याज, लाभांश, पेन्शन वगैरे मिळवून होणारी बेरीज ४ लाखांच्या वर गेली की विवरणपत्र भरणे सक्तीचे. शेतीचे उत्पन्न या बेरजेत धरायचे नाही.

निव्वळ भाडेच उत्पन्न असेल, घरपट्टी आणि कर्जाचे व्याज सोडून दिले, तर महिना सुमारे ४७,६०० रुपये भाड्यापर्यंत ही मर्यादा ओलांडली जात नाही. म्हणजे गावातल्या चार खोल्यांच्या भाड्यासाठी कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही.

मग बारा लाखांचे काय? ४ लाख ते १२ लाख यांच्या मधल्या उत्पन्नावर कर बसतोच. ४ ते ८ लाखांवर पाच टक्के आणि ८ ते १२ लाखांवर दहा टक्के. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर हा बसलेला कर, जास्तीत जास्त ६०,००० रुपयांपर्यंत, सूट म्हणून माफ होतो. ही माफी विवरणपत्रात हिशेब दाखवून घ्यायची असते. वाड्याचा हिस्सा किंवा प्लॉट विकून आलेला नफा असेल, तर त्याच्या खास दराच्या करावर ही माफी चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

जुन्या पद्धतीत वय पाहतात. ६० वर्षे पूर्ण झालेल्यांना ३ लाख आणि ८० पूर्ण झालेल्यांना ५ लाख अशी करमुक्त मर्यादा तीत आहे. काही घरांत म्हणतात, "आजीचं वय ब्याऐंशी, तिला पाच लाखांपर्यंत काही नाही." पण जुनी पद्धती निवडायची तर ती निवड विवरणपत्रातच आणि मुदतीच्या आत करावी लागते. आजीचे उत्पन्न साडेचार लाख असेल, तर घरी बसून पाच लाखांची मर्यादा लागू होत नाही.

रकमेची मर्यादा ओलांडली नसली तरी आणखी काही कारणांनी विवरणपत्र भरावे लागते. ज्येष्ठ नागरिकाच्या नावावर वर्षात ५०,००० रुपये किंवा जास्त करकपात झाली असेल, बचत खात्यांत वर्षभरात ५० लाख किंवा जास्त जमा झाले असतील, विजेच्या बिलाचा खर्च १ लाखाच्या वर गेला असेल, किंवा परदेश प्रवासाला २ लाखांवर खर्च केला असेल. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आई-वडिलांनी ही शेवटची बाब पाहावी.

४) पंचाहत्तरीची सूट

२०२१ साली सरकारने ७५ वर्षे व त्यापुढील नागरिकांसाठी एक सवलत आणली, ही गोष्ट खरी आहे. पण ती ज्यांचे उत्पन्न फक्त पेन्शन आणि ज्या बँकेत पेन्शन येते त्याच बँकेतले व्याज एवढेच आहे, त्यांच्यासाठी आहे. त्यांनी बँकेत जाहीरपत्र द्यायचे, बँक हिशेब करून कर कापते आणि विवरणपत्राची गरज राहत नाही. घरभाडे आले की ही सवलत गेली. शेतकऱ्याला मुळात पेन्शनच नसते, म्हणून आपल्या सभासदांपैकी बहुतेकांना ती लागूच होत नाही. आबांचे वय पंचाहत्तर असो की नव्वद, भाड्याची बेरीज मर्यादेच्या वर असेल तर विवरणपत्र आहेच.

वयामुळे मिळणाऱ्या खऱ्या सवलती वेगळ्या आहेत. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरील माणसाला वर्षात हप्त्याहप्त्याने आगाऊ कर भरावा लागत नाही, विवरणपत्र भरण्याआधी एकरकमी भरला तरी चालतो. बँका, सहकारी बँका आणि पोस्टातल्या व्याजावर ज्येष्ठांची करकपात प्रत्येक ठिकाणी वर्षाला १ लाखाच्या वर व्याज गेल्याशिवाय होत नाही. जुनी पद्धती घेतली तर अशा व्याजातून ५०,००० पर्यंत वेगळी वजावट मिळते.

५) तीन उदाहरणे

नुसते नियम वाचून डोक्यात राहत नाहीत, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. उदाहरणे समजण्यासाठी घेतली आहेत.

उदाहरण पहिले. समजा, एक विधवा आई, वय ६८. गावात चार खोल्या, प्रत्येकीचे भाडे २,५०० रुपये. वर्षाचे १,२०,०००. घरपट्टी भरली ३,०००. उरले १,१७,०००. त्याचे तीस टक्के ३५,१००. भाड्याचे उत्पन्न झाले ८१,९००. बँकेतल्या ठेवीचे व्याज १,१०,०००. बेरीज १,९१,९००. मर्यादा ४ लाख, म्हणून विवरणपत्र सक्तीचे नाही. पण व्याज १ लाखाच्या वर गेल्यामुळे बँकेने दहा टक्क्यांनी ११,००० रुपये कापले. तिला कर एक पैसाही नाही. हे ११,००० परत हवे असतील तर विवरणपत्र भरावेच लागेल. वर्षाच्या सुरुवातीला कर नसल्याचा १५-एच नंबरचा अर्ज बँकेत दिला असता तर पैसे कापलेच गेले नसते.

उदाहरण दुसरे. समजा, एक सभासद, वय ७२. तालुक्याच्या गावी इमारत आहे, खाली बँकेची शाखा. भाडे महिना ६०,०००, वर्षाचे ७,२०,०००. नगरपालिकेची पट्टी भरली ४०,०००. उरले ६,८०,०००. तीस टक्के म्हणजे २,०४,००० वजा जाऊन ४,७६,००० राहिले. ठेवीचे व्याज १,०४,०००. बेरीज ५,८०,०००. शिवाय खर्च वजा जाता उसाचे ४ लाख.

भाडे महिना ५०,००० च्या वर असल्याने भाडेकरू बँक दहा टक्के कापणार, म्हणजे ७२,०००. व्याजावर कापले १०,४००. एकूण ८२,४०० रुपये सरकारकडे गेले. आता कर किती? शेतीचे उत्पन्न दरापुरते मिळवून ९,८०,००० वर कर ३८,०००. त्यातून ८ लाखांवरचा कर, म्हणजे शेतीचे ४ लाख अधिक करमुक्त ४ लाख, यांवरचा २०,००० वजा. राहिला १८,०००. एकूण उत्पन्न ५,८०,००० म्हणजे १२ लाखांच्या आत, म्हणून हा सगळा कर माफ. देणे शून्य आणि परतावा ८२,४००.

या माणसाने "शेतकऱ्याला आयकर नाही" म्हणून विवरणपत्र भरले नाही तर काय होईल? कायद्याने ते सक्तीचे होते, तो नियम मोडला, आणि ८२,४०० रुपयेही गेले. उसाच्या भाषेत बोलायचे तर वजन झाले, काटा पावती मिळाली, आणि बिलच उचलले नाही.

उदाहरण तिसरे. समजा, एका ज्येष्ठ सभासदाचे गाळे आणि गोडाऊन मिळून भाडे महिना १,६०,०००, वर्षाचे १९,२०,०००. पट्टी २०,०००. उरले १९,००,०००, तीस टक्के वजा जाऊन १३,३०,०००. शेतीचे निव्वळ ५ लाख. उत्पन्न १२ लाखांच्या वर, म्हणून पूर्ण माफी नाही. शेती नसती तर कर उपकरासह ८२,६८० झाला असता. शेतीचे ५ लाख दरात धरल्यामुळे तो त्याहून बराच वाढतो. शेतीवर कर नाही हे खरेच, पण शेतीचे उत्पन्न बाकीच्या उत्पन्नाचा दर वर ओढते. के. एन. राज समितीने १९७२ साली ही पद्धत सुचवली आणि १९७३ च्या वित्त कायद्यापासून ती सुरू झाली. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच ती लागते. म्हणून उसाची बिले, खताच्या पावत्या, तोडणी-वाहतुकीचा हिशेब जपून ठेवावा. एकूण बिल न दाखवता खर्च वजा जाता उरलेले दाखवायचे असते.

६) भाडे कोणाच्या नावावर धरायचे?

भाडे कोणाच्या खात्यात जमा होते यावर हे ठरत नाही, जागेचा मालक कोण यावर ठरते. इमारत वडिलांच्या नावाची, पण भाडे थोरल्या मुलाच्या खात्यात येते, तर उत्पन्न वडिलांचेच. मुलगा वर्षानुवर्षे आपल्या विवरणपत्रात दाखवत असेल तर तेही चुकीचे.

वडील वारले आणि मृत्युपत्र नव्हते, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्यांची आई यांना समान हिस्सा येतो. समजा आई, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत, तर भाड्याचा चौथा हिस्सा आईचा, चौथा हिस्सा मुलीचा. हिस्से निश्चित असले की ज्याने त्याने आपला हिस्सा आपल्या विवरणपत्रात दाखवायचा, आणि तीस टक्के वजावट प्रत्येकाला मिळते. बऱ्याच घरांत सगळे भाडे एका भावाच्या पॅनवर जाते आणि त्याच्या एकट्याच्या उत्पन्नाचा आकडा फुगतो. भाडेकरूला सर्वांनी मिळून लेखी कळवावे आणि ज्याच्या त्याच्या पॅनवर हिस्सा धरून घ्यावा. त्यात आईच्या नावाचा हिस्सा आईच्या खात्यात जातो, ही गोष्ट कराइतकीच महत्त्वाची आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचे नियम वेगळे आहेत, त्याचा सल्ला घेऊनच काय ते करावे.

काहीजण कर वाचवण्यासाठी इमारत पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करतात. त्याचा उपयोग होत नाही. मोबदला न घेता पत्नीच्या नावे केलेल्या घराचे भाडे कायदा नवऱ्याचेच धरतो.

वर्षाच्या मध्येच माणूस वारला, तर वारे सुटेपर्यंतचे त्याचे उत्पन्न वारसाने त्याच्या वतीने दाखवायचे असते. त्यासाठी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर कायदेशीर वारस म्हणून नोंद करावी लागते. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही, पण कापलेला कर परत मिळवायचा तर हाच मार्ग आहे.

७) कोणता नमुना आणि कोणती मुदत?

शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर सोपा म्हणून ओळखला जाणारा "सहज", म्हणजे नमुना १, चालत नाही. घरभाडे, व्याज आणि शेती असणाऱ्या आपल्या बहुतेक सभासदांना नमुना २ लागतो. धंदा असेल तर तोही बदलतो. ८० वर्षांवरील व्यक्तीला कागदावर विवरणपत्र देण्याची मुभा आहे, पण ती सहज आणि सुगम या नमुन्यांपुरती. नमुना २ संगणकावरूनच भरावा लागतो. गावातल्या सेवा केंद्रात "आजोबा, सहजमध्ये भरून टाकू" असे कोणी म्हणाले तर आधी त्याला उसाचे उत्पन्न सांगा.

नमुना २ ची कायद्याने ठरलेली मुदत ३१ जुलै २०२६ आहे. ती चुकली तर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते, पण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० आणि वर असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क पडते, आणि जुनी पद्धती निवडण्याचा हक्क जातो. डिसेंबरही गेला तर परतावा सरळ मागता येत नाही. उशीर माफ करून घेण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि कारण पटवून द्यावे लागते.

विवरणपत्र भरून झाले म्हणजे काम संपले असे समजू नये. ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी, बहुधा आधारला जोडलेल्या फोनवर येणाऱ्या आकड्याने, करावी लागते. पडताळणी झाली नाही तर विवरणपत्र भरले असे धरत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा आधारचा फोन नंबर चालू आहे ना, हे जूनमध्येच पाहून घ्यावे. आजारपणामुळे सही करणे शक्य नसेल तर कुलमुखत्यारपत्र देऊन दुसऱ्याला सही करता येते.

८) आता घरी बसून काय करावे?

एक. जागेचे कागद काढा. मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहा. नाव आजही वारलेल्या माणसाचे असेल तर वारस नोंदीचा अर्ज द्या.

दोन. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. म्हातारा माणूस एकटा असेल तर हा धोका मोठा.

तीन. भाडे मालकाच्या खात्यातच घ्या. रोख घेतले तर पावती द्या आणि वहीत लिहा. एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याला मान्य नाही.

चार. भाडेकरूकडे मालकाचा बरोबर पॅन द्या. पॅन नसेल तर दहाऐवजी वीस टक्के कापले जातात.

पाच. ज्येष्ठाचा वर्षाचा कर शून्य होणार असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच कर न कापण्याचा अर्ज बँकेत आणि भाडेकरूकडेही द्या. तो घरभाड्यालाही चालतो. आजवर तो १५-एच म्हणून ओळखला जाई. १ एप्रिल २०२६ पासून अर्जांचे नंबर बदलल्यामुळे चालू नमुना बँकेतूनच मागून घ्या.

सहा. विवरणपत्र भरण्यापूर्वी आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती पत्रक काढून घ्या. खात्याला तुमच्याबद्दल काय काय कळले आहे, कोणी किती कापले, ते त्यात असते. आपला हिशेब आणि ते पत्रक जुळले नाही तर कारण शोधा, मगच भरा.

सात. "जास्त परतावा काढून देतो, त्यात आमची टक्केवारी" असे म्हणणाऱ्यापासून लांब राहा. खोटी वजावट दाखवली तर नोटीस म्हाताऱ्या माणसाच्या नावाने येते, टक्केवारी घेणाऱ्याच्या नावाने नाही. परताव्यासाठी खाते द्यायचे ते मालकाच्या स्वतःच्या नावाचे द्यावे.

शेवटी एवढेच म्हणतो. ज्यांनी उन्हातान्हात पाणी धरून ऊस पिकवला आणि त्यातून ही जागा उभी केली, त्यांना उतारवयात त्या जागेचे भाडे पुरतेपणी मिळावे, कापलेला पैसा परत यावा, आणि कोणतीही नोटीस दारात येऊ नये. तरुण सभासदांनी एका संध्याकाळी आई-वडिलांजवळ बसून भाडे, व्याज आणि कापलेला कर हे तीन आकडे एका कागदावर मांडावेत. बहुतेकांना तेवढ्यानेच उत्तर मिळेल. ज्यांचा हिशेब अवघड असेल त्यांनी तोच कागद घेऊन माहितगार कर सल्लागाराकडे जावे.